विकून टाक, वेदरबी

ग्रांट वेदरबीने आमची बेसबॉलची टीम विकत घेतली तेव्हा सगळ्यात आधी काय केलं असेल, तर मैदानातल्या मोठ्या फलकावर स्वतःच्या गाद्यांची जाहिरात लावली. गादी मध्यभागी आणि स्कोअर कोपऱ्यात. त्याची गाद्यांची दुकानं अर्ध्या राज्यात आहेत. त्यातल्या एका गादीवर मीही झोपते, तेव्हा खात्रीने सांगते, दोन वर्षांत मधोमध खड्डा पडतो. टीमलाही तेवढाच वेळ लागला.

मी मॅक्सीन नोवित्स्की. जन्म पोर्ट हॅलोरनचा, आणि मरणही इथेच यावं अशी इच्छा आहे, कारण आता दुसरीकडे जाऊन कुठे मरू? शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना मॅकरोनी वाढता वाढता केस पांढरे झाले. आमच्या टीमचं नाव स्टोकर्स, म्हणजे भट्टीत कोळसा सारणारे. पोलादाचे कारखाने बंद पडले, भट्ट्या विझल्या, कोळसा सारणारे एकेक करून सेंट कॅसिमिरच्या दफनभूमीत गेले. नाव तेवढं टोपीवर उरलं.

आमच्या जागा चौदाव्या विभागात, तिसऱ्या बेसच्या मागे, वरच्या मजल्यावर. माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ वॉल्ट. पुढच्या रांगेत ओटिस गिलियम, ज्याने आयुष्यभर शहराची बस चालवली. मागच्या रांगेत कार्ल बुड्झिक, नळजोडणीचं दुकान, आवाज असा की खाली अंपायर दचकतो. लग्नं, बारशी, अंत्यविधी सगळं आम्ही एकमेकांचं पाहिलेलं आहे, पण खरी ओळख त्या खुर्च्यांवरची.

आता वॉल्टचं सांगते, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीला काही अर्थ नाही. त्याची बायको जोन जानेवारीत गेली. त्यानंतर हा माणूस उठेचना. मी सूप घेऊन जायचे, तर काल ठेवलेलं सूप तसंच. टीव्ही बंद, पडदे ओढलेले, दाढी छातीपर्यंत. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पाद्रीबाबांनी प्रार्थना दिल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एप्रिलमध्ये मोसमाचा पहिला सामना आला आणि मी त्याला अक्षरशः कॉलर धरून गाडीत घातलं. दोन इनिंग तो मुका बसला. तिसऱ्या इनिंगला अंपायरने आमच्या माणसाला चुकीचा बाद दिला आणि वॉल्ट खुर्चीतून उठून ओरडला, "आंधळ्या, आजीचा चष्मा तरी घालून यायचा होतास!" माझ्या हातात हॉटडॉग होता. मी त्याच्यावर मोहरी घालता घालता रडले. माझ्या भावाला काय जिवंत ठेवतं हे मला त्या दिवशी कळलं. हसायचं असेल तर हसा.

म्हणून वेदरबीने टीमचं जे केलं ते मला वैयक्तिक लागतं. रुबेन अल्कांतारा नावाचा आमचा शॉर्टस्टॉप होता, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे चेंडू अडवणारा. चेंडू त्याच्या हातमोज्यात आपणहून यायचा, मांजर घरी येतं तसा. लोकांनी मुलांची नावं रुबेन ठेवली, पोलिश घरांत! वेदरबीने त्याला विकलं आणि बदल्यात तीन पोरं आणली, ज्यांतली दोघं अजून कुठेतरी खालच्या लीगमध्ये 'तयार होताहेत'. तिसऱ्याचा खांदा गेला. याला मालकाच्या भाषेत पुनर्बांधणी म्हणतात. पुनर्बांधणी सुरू होऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाने कॅथेड्रल बांधलं असतं.

आणि तो मॅनेजर, डनलेव्ही! भला माणूस असेल, पण स्वतःचे डोळे त्याने घरी ठेवलेले. जुलैमध्ये आमच्या एका पोराने, विशीतल्या पिचरने, सहा इनिंग एकालाही बेसवर पाऊल ठेवू दिलं नाही. एकालाही! चौदाव्या विभागात कोणी लघवीला उठत नव्हतं, अपशकुन नको म्हणून. आणि सातव्या इनिंगला डनलेव्ही डुलत डुलत मैदानात आला आणि त्याने त्या पोराच्या हातातून चेंडू काढून घेतला. का? तर वरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या संगणकवाल्यांनी सांगितलं, याने जितके चेंडू टाकायचे तितके टाकून झाले. त्याच्या जागी आलेल्याने चौथ्याच चेंडूवर होमरन दिला. पोरगा टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता.

तेव्हा कार्लने सुरू केलं. "विकून टाक!" दोन टाळ्या. "विकून टाक!" दोन टाळ्या. आधी आमचा विभाग, मग शेजारचा, मग अख्खं मैदान. वेदरबी आपल्या काचेच्या खोलीतून खाली बघत होता. त्याने हात हलवला, जणू त्याचाच वाढदिवस चालला होता.

पुढच्या आठवड्यात त्याने जाहीर केलं की तो महापौरपदासाठी उभा राहतोय. टीमने शेवटचा क्रमांक गाठला तर आपण डोक्याला हात लावतो. या माणसाला वाटलं, झकास जमलंय, आता शहरही चालवू. होम प्लेटवर उभं राहून भाषण केलं, टाय टीमच्या रंगाचा. "मी शहर टीमसारखं चालवीन!"

"त्याचंच तर भ्या वाटतंय," ओटिस म्हणाला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातला प्रकार."

मला वाटलं, विषय संपला. समोर उमेदवार होती डेनिस हॉलोवे, नगरपरिषदेवर तीनदा निवडून आलेली. बोलायला लागली की जांभई यायची, पण बाईला कुठल्या गल्लीतले पाण्याचे नळ शिशाचे आहेत आणि ते बदलायला किती वर्षं लागतील हे पाठ होतं. मला तेवढं पुरे. नेता काही मला करमणुकीसाठी नको होता.

पण त्या शनिवारी वॉल्ट सामन्याला आला तो डोळे चमकवत. शेंगदाण्याची पुडीही फोडली नाही.

"मॅक्स, ओटिस, कार्ल, इकडे या. मी ग्रंथालयात जाऊन शहराची सनद वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय, महापौराचा शहराशी कुठलाही धंदा असता कामा नये. मैदान कोणाचं? शहराचं. टीम भाडं कोणाला देते? शहराला. म्हणजे हा महापौर झाला की नव्वद दिवसांत याला टीम विकावी लागणार!"

कार्लने वॉल्टच्या पाठीत अशी थाप मारली की त्याची टोपी पुढच्या रांगेत पडली.

"म्हणजे त्याला मत दिलं की टीम सुटली?"

"टीम सुटली!"

"आणि शहराचं काय?" मी विचारलं. "अरे, गालाला डास चावला म्हणून कोणी गालावर हातोडा मारतं का?"

"शहर चार वर्षांनी परत मिळतं, मॅक्स," वॉल्ट म्हणाला. "महापौर बदलता येतो. मालक बदलता येत नाही. अकरा वर्षं ओरडतोय आपण, बदलला का?"

खरं सांगू? त्या क्षणी मला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. महापौर बदलता येतो आणि मालक बदलता येत नाही, हे खरंच आहे. आमच्या शहरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. कारखान्याचे मालक कोणी निवडून दिले होते?

मग तो उन्हाळा असा गेला की बाहेरच्या माणसाने पाहिला असता तर आम्हाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं. शनिवारी मैदानात वेदरबीच्या नावाने शिव्या, आणि रविवारी चर्च सुटल्यावर त्याच्याच नावाच्या पाट्या घराघरांपुढच्या हिरवळीत ठोकायच्या. कार्लने तीन ठोकल्या, एक दुकानापुढे. वॉल्ट तर दारोदार हिंडत होता. रोज दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, जोनने घेतलेला. दार उघडलं की म्हणायचा, "नमस्कार, तुम्हाला वेदरबी आवडतो का? मलाही नाही. म्हणूनच त्याला मत द्या." लोक हसायचे, त्याला आत बोलवायचे, कॉफी पाजायचे. पोटावर मांस चढलं. मला फोन करून सांगायचा, "मॅक्स, आज अख्खी पुलास्की गल्ली आपली झाली."

मी एकदा भांडले. एकदाच. म्हटलं, वॉल्ट, हा हात दाखवून अवलक्षण करण्याचा प्रकार आहे. तो म्हणाला, "तुला रुबेन परत नकोय का?" रुबेन कधीचा निवृत्त होऊन आपल्या देशात कोंबड्या पाळत होता. पण वॉल्टचा चेहरा बघून मी गप्प बसले. त्याने माझ्या हिरवळीत पाटी ठोकली, तेव्हा हातोडी मीच आणून दिली.

वेदरबीच्या लोकांना हे कळल्याशिवाय राहतंय? पण त्यांना काय, मत हे मत. शिवी घालत दिलं काय आणि फुलं वाहत दिलं काय, मोजताना एकच धरतात. राजकारणाचं हे एक मला फार उशिरा कळलं. मैदानात निदान हूटिंग ऐकू तरी येतं.

नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात मतदान झालं. मी पडद्याआड गेले आणि हॉलोवेबाईंच्या नावापुढचा गोल काळा केला. बाहेर वॉल्ट उभा होता, कोटावर 'मी मत दिलं' असं स्टिकर लावून. त्याने मला मिठी मारली. "झालं ना?" म्हणाला. मी म्हटलं, "झालं." यात खोटं काय होतं?

वेदरबी जिंकला. फार मोठ्या फरकाने नाही, पण आमच्या बाजूच्या गल्ल्यांनी त्याला तारलं, असं वर्तमानपत्राने लिहिलं, आणि 'बेसबॉलप्रेमींची लाट' असा मथळा दिला. ते पान वॉल्टने कापून फ्रीजवर लावलं.

जानेवारीत त्याने शपथ घेतली. फेब्रुवारीत त्याने आमच्या गल्लीतलं ग्रंथालय बंद केलं. संगणकवाल्यांना नेमून कुठली बस किती रिकामी जाते ते मोजायला लावलं. टीममध्ये रुबेनला विकलं की ती पुनर्बांधणी, शहरात ग्रंथालय बंद केलं की ती काटकसर. शब्द बदलले, खड्डा तोच. वॉल्ट म्हणायचा, "थांब, मॅक्स. नव्वद दिवस होऊ देत."

नव्वद दिवसही लागले नाहीत. मार्चच्या सुरुवातीला वेदरबी टीव्हीवर आला. सनदेचा मान राखून मी टीम विकली आहे, म्हणाला. आम्ही वॉल्टच्या घरी होतो. वॉल्ट उडालाच. आरोळी ठोकली, माझे दोन्ही हात धरून मला गोल फिरवलं. त्यामुळे पुढची दोन वाक्यं आम्हाला ऐकू आली नाहीत. टीव्हीवर वाळवंटातल्या एका शहराचं चित्र आलं, ताडाची झाडं, अर्धवट बांधलेलं चकचकीत मैदान, तेव्हा आम्ही थांबलो.

टीम तिकडच्या एका कंपनीने घेतली होती. येता उन्हाळा आमच्याकडे शेवटचा, पुढच्या वर्षीपासून स्टोकर्स वाळवंटात खेळणार. पण मैदानाचा करार तर अजून कितीतरी वर्षांचा होता ना? होता. तो करार मोडायला शहराची परवानगी हवी होती. महापौरांनी ती दिली. टीम आता त्यांची नव्हतीच, त्यामुळे सही करायला काही आडकाठी नव्हती. सनदेतलं एक अक्षर मोडलं नाही. एका हाताने विकली आणि दुसऱ्या हाताने सोडून दिली.

"लोक वर्षानुवर्षं मला एकच सांगत होते," वेदरबी टीव्हीवर हसत म्हणाला. "नेते ऐकत नाहीत अशी तक्रार असते. मी ऐकलं."

वॉल्टने टीव्ही बंद केला. मग पडदे ओढले. दुपारचे चार वाजले होते.

दोन आठवडे तो घराबाहेर पडला नाही. मी सूप नेलं, दुसऱ्या दिवशी ते तसंच. हे मी एकदा पाहिलेलं होतं, आणि त्या वेळी एप्रिल मदतीला आला होता. या वेळी एप्रिल कशासाठी येणार होता? मरणाच्या दारात बसलेल्या बायकोला शेवटचं बघायला नवऱ्याला न्यावं, तसं त्याला शेवटचा मोसम बघायला न्यायचं का? ते त्याने एकदा केलं होतं.

तरी शुक्रवारी मी त्याला ओढून सेंट कॅसिमिरच्या सभागृहात नेलं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, मांस वर्ज्य, त्यामुळे दर शुक्रवारी तिथे तळलेले मासे, बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे पोलिश उकडकरंज्या, आणि कोबीची कोशिंबीर. सगळं शहर येतं. ओटिस आमच्यासारखा कॅथलिक नाही, बाप्टिस्ट आहे, पण माशासाठी तोही येतो. चौदावा विभाग नेहमीच्या लांब टेबलाला बसला होता. आम्ही गेलो. कोणीतरी सरकून जागा केली, पण वॉल्टकडे कोणी पाहिलं नाही.

कार्लच बोलला, ताटात बघत. "कोणाच्या डोक्यातून निघालं होतं ते सनदेचं खूळ?"

"कार्ल," मी म्हटलं.

"नाही, विचारतोय फक्त. मी तर त्याला मत दिलंच नव्हतं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन पाट्या! दुकानापुढची तर ऑगस्टपासून!

"मीही नाही," कार्लची बायको म्हणाली. "पाटी काय, कार्लने लावली म्हणून लावली. आत गेल्यावर मन झालं नाही."

"आमच्या घरात तर कोणीच नाही दिलं," पलीकडून कोणी म्हणालं. पुलास्की गल्लीतलंही एक जोडपं होतं, ज्यांनी वॉल्टला दोनदा केक खिलवला होता. त्यांनीही मान हलवली. नाही बाई, आम्ही हॉलोवेला दिलं. पावाला लोणी लावावं तसं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी हॉलोवेला मत दिलं. एवढी मतं त्या बाईला पडली असती तर आज नळ बदलून झाले असते.

"मी गेलोच नव्हतो मतदानाला," ओटिस हळूच म्हणाला. "गुडघा दुखत होता." निदान तो खरं बोलला असावा.

वॉल्टने काटा खाली ठेवला. "म्हणजे मी एकट्यानेच दिलं?" त्याने विचारलं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्या माणसाला खरंच वाटलं की या टेबलावर आपण एकटेच आहोत, एकट्याने टीम घालवली.

टार्टर सॉसची वाटी इकडून तिकडे गेली.

मला काय झालं कोण जाणे. आयुष्यभर मला 'बघ, मी सांगितलं होतं ना' म्हणायला आवडत आलंय. माझ्या नवऱ्याच्या शवपेटीपाशीही मी ते म्हटलं असेल, सिगारेटीवरून. आणि त्या टेबलावर ते म्हणायचा हक्क असलेली मी एकटीच होते. मी उभी राहिले.

"मी दिलं," म्हटलं. "वेदरबीला. वॉल्टने सांगितलं म्हणून नाही, माझ्या अकलेने दिलं. आणि मला पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन."

सभागृहात शेजारच्या टेबलांवरचे लोकही वळून बघायला लागले. कार्लने तोंडातला घास गिळला. त्याचा चेहरा एकदम उजळला, जणू इतका वेळ हरवलेली वस्तू सापडली होती.

"लाज नाही वाटत, मॅक्सीन?" तो म्हणाला. "तुमच्यासारख्या लोकांमुळे गेली आपली टीम. तुमच्यासारख्या लोकांमुळे."

आणि टेबलाभर माना हलल्या. मी ज्यांच्या पोरांना मॅकरोनी वाढली त्यांच्या माना. मी बसले आणि मासा खाल्ला. गार झाला होता, पण खाल्ला, शेवटपर्यंत, कारण उठून गेले असते तर कार्लला वाटलं असतं मला लागलं. लागलं होतंच.

गाडीत बसलो, पुलापर्यंत आलो. उजव्या हाताला मैदान दिसत होतं, दिवे बंद.

"तू त्याला मत दिलं नव्हतंस," वॉल्ट म्हणाला.

"नव्हतं."

"हॉलोवे?"

"हॉलोवे."

"मग आत खोटं कशाला बोललीस?"

"अरे, जिंकला ना तो? कोणीतरी दिलंच असेल की मत."

वॉल्ट हसेल असं मला वाटलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. सिग्नल लाल होता, हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"तेव्हाच का नाही सांगितलंस, मॅक्स? पाटी ठोकत होतो तेव्हा? अडवलं का नाहीस मला?"

"अडवलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही," वॉल्ट म्हणाला, आणि रडायला लागला. जोनच्या वेळीही असा रडला नव्हता. मी गाडी कडेला घेतली, पण बंद केली नाही, कारण बाहेर अजून फार थंडी होती.